नकाशावरचा झिरा

फाल्गुन सरला आणि दगडजवळ्याच्या विहिरींनी तळ दाखवला. पाणी आटलं की माणसांचे स्वभाव वर येतात. एरवी मळ्यातल्या विहिरीवरून कुणी घागरभर पाणी नेलं तर मालक हसून विचारपूस करायचा. त्या साली, म्हणजे दोन हजार नऊला, त्याच मालकानं बांधावर बोराटीचे काटे आणून टाकले. गावाबाहेर गायरानाच्या कडेला बौद्धांची वस्ती होती. तिला त्या काट्यांचं काही वाटलं नाही. त्या विहिरीवर त्यांना पूर्वीही कुणी बोलावलेलं नव्हतं.

वस्तीचा आपला झिरा होता. टेकडीमागच्या घळीत, खडकाच्या पोटाशी वस्तीतल्या अमृतरावच्या आज्यानं पहारीनं उकरलेला खड्डा. त्यात पाणी जरा जरा झिरपायचं. बाया पाळीनं जायच्या, वाटीवाटीनं घागर भरायच्या आणि निघताना तोंडावर सपाट दगड ओढून वर काटे टाकायच्या. गावातल्या माणसाला त्या घळीत जायचं कारणच नव्हतं, म्हणून झिरा गावाला ठाऊक नव्हता. वस्तीनंही कधी सांगितलं नाही. ज्यांना सांगावं, त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

विचारणारी आली ती अपर्णा. औंढ्याच्या देवळात सेवेला असलेल्या घरातली, हिंगोलीच्या एका संस्थेत नोकरीला लागलेली मुलगी. संस्था गावोगावचे नकाशे करत होती. विहारापुढच्या अंगणात तिनं बायांना रांगोळी दिली आणि म्हणाली, "तुमचं गाव तुम्हीच काढा."

बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग पद्माबाई पुढं झाली. पन्नाशी ओलांडलेली, काटक, अमृतरावची बायको. तिनं पांढऱ्या रांगोळीनं गाव काढलं, गाव सोडून लांब वस्ती काढली, घर न घर काढलं. सरकारी नकाशात वस्तीच्या जागी नुसतं गायरान होतं. अपर्णानं तो कागद आधी दाखवला होता. तीन पिढ्या राहिलेली माणसं आणि कागदावर नुसतं गवत! पद्माबाईला ते फार लागलं होतं. म्हणून हात सुटला तसा तिनं वस्तीमागं टेकडी काढली आणि टेकडीमागं निळ्या रांगोळीचा ठिपका ठेवला.

"हे काय?" अपर्णानं विचारलं.

"आमचा झिरा. कधीच आटत न्हाई."

"वा! पुढच्या खेपेला यंत्र घेऊन येते. नेमकी जागा नोंदवू." मग अपर्णानं सगळ्यांना समजावून सांगितलं. "हा नकाशा खुला आहे. कुणीही घ्यावा, नक्कल करावी, छापावा, भिंतीवर रंगवावा. परवानगी लागत नाही. अटी दोनच. माहिती कुणी दिली त्याचं नाव खाली ठेवायचं. आणि कुणी त्यात भर घातली, तर तो नवा नकाशाही असाच सगळ्यांसाठी खुला ठेवायचा."

शेजारचा जळबा म्हातारा उकिडवा बसला होता. त्यानं विचारलं, "आन् कुणी इकला तर?"

"विकला तरी चालेल."

"चोरानं वापरला तर?"

"चोराला कशाला नकाशा लागतोय, आजोबा? त्याला वाट माहीतच असते."

सगळे हसले. अंगणाच्या कडेला मोटारसायकल लावून विश्वजीत उभा होता, तोही हसला. विश्वजीत सरपंचाचा पुतण्या. त्याच्याकडं ट्रॅक्टर होता आणि त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरमागं पाण्याची टाकी आली होती. वसमतला बांधकामं चालली होती, त्यांना पाणी हवं होतं. त्यानं वाकून निळ्या ठिपक्याकडं पाहिलं आणि गाडीला लाथ मारून गेला.

पद्माबाईला त्या दिवशी घास गोड लागला. "माझं नाव छापून येणार हाय," तिनं अमृतरावला सांगितलं.

"येऊ दे की. मतदार यादी सोडून कुठं तरी येऊ दे," अमृतराव म्हणाला. गुडघ्यांनी माणूस खाली बसवला होता, पण जीभ चालत होती.

आठवडी बाजारातून जळबा बातमी घेऊन आला. पलीकडच्या गावी अपर्णाच्या संस्थेनं असाच नकाशा केला होता. टँकरवाले तो हातात धरून आले, ओढ्यातल्या डोहाला इंजन लावलं आणि डोह कोरडा करून गेले. लोकांनी अडवलं, तर म्हणाले, जागा गायरानाची, नकाशा खुला, खाली लिहिलंय वाचा. "खोटं न्हवतं त्यायचं," जळबा म्हणाला. "लिवलेलंच हाय तसं."

पद्माबाईची तव्यावरची भाकरी करपली. सून ज्योती म्हणाली, "आत्याबाई, मंग सांगून टाका ताईला, झिरा आटला म्हणून."

"इश्वजीतनं डोळ्यानं बघितलाय ठिपका. आटला म्हटलं तरी तो हुडकत येईल. टेकडीमागं म्हणल्यावर किती येळ लागंल?"

"मंग?"

पद्माबाईनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली. ती विचार करत होती आणि विचार तिला आवडत नव्हता. ज्योती पहिलटकरीण, पाचवा महिना. धम्मदीप, तिचा नवरा, पुण्याकडं सेंट्रिंगच्या कामावर. घरात पाणी आणणारे हात चारच. झिरा गेला तर या पोरीनं कुठल्या बांधावर जाऊन काट्यापुढं हात पसरायचे? पद्माबाईनं पसरले होते एकदा, लहानपणी, माहेरी. वरून ओतलेलं पाणी ओंजळीत कमी आणि कोपरावरून जास्त गेलं होतं. ते तिला म्हातारपणीही विसरता येईना.

घळीपासून लांब, टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, नर्सीकडं जाणाऱ्या पायवाटेजवळ, पळसाची चार झाडं होती. तिथं पाणी नव्हतं, नुसता मुरूम. अपर्णा येणार त्या दिवशी उजाडताच सासू-सून टिकाव घेऊन तिथं गेल्या. पद्माबाईनं गुडघाभर खड्डा घेतला. मुरूम पाणी धरणार नाही, म्हणून शेताच्या बांधावरची काळी माती कालवून, कणगी लिंपतात तसा खड्डा आतून लिंपला. कडेनं लव्हाळ्याचे गड्डे खोचले. मग घराच्या वाट्याचं सगळं पाणी डोक्यावरून आणून त्यात ओतलं.

ओतताना ज्योतीला रडू आलं. "प्यायचं पाणी मातीत घालून राहिलो आपण."

"गप. बियाणं बी मातीतच घालतेत," पद्माबाई म्हणाली. त्या दिवशी घरात डाळ शिजली नाही. अमृतरावनं कोरडी भाकर चटणीशी खाल्ली आणि काहून म्हणून विचारलंही नाही.

अपर्णा उन्हाची आली. हातात मोबाइलएवढं यंत्र. पद्माबाई पुढं, ती मागं. पळसाखाली आल्यावर यंत्रानं आभाळातून खूण पकडेपर्यंत अपर्णा स्तब्ध उभी राहिली. मग तिनं यंत्र पिशवीत घातलं, खड्ड्याशी बसली आणि पद्माबाई "अवं ताई" म्हणेपर्यंत ओंजळ भरून प्यायली. दुसरी ओंजळ भरली. तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "काय गोड पाणी आहे तुमचं!"

पद्माबाईचा जीव चरकला. देवळातल्या घरची पोर वस्तीचं पाणी मागेपुढे न बघता प्याली, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. आणि ते नेमकं खोट्या खड्ड्यातलं पाणी असावं! सांगून टाकावं असं तोंडाशी आलं होतं. पण डोळ्यांपुढं इंजन आलं, ज्योतीचं पोट आलं, आणि तिनं तोंड मिटलं.

नकाशा छापून आला. ग्रामपंचायतीत लागला. खुलाच होता, म्हणून एका पेंटरनं फाट्यावरच्या बसथांब्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मोठा करून रंगवला. पलीकडच्या तांड्यानं आपल्या शाळेसाठी उतरवून नेला. सगळीकडं वस्ती होती, घर न घर. पळसाजवळ निळा ठिपका होता, आणि खाली अक्षरं होती : माहिती – पद्माबाई अमृतराव, दगडजवळा. अमृतराव काठी टेकत फाट्यापर्यंत गेला, बायकोचं नाव बघून आला आणि आल्यावर म्हणाला, "रंग चांगला वापरलाय. पावसानं जायचा न्हाई."

विश्वजीत नकाशाचा कागद घेऊन पळसाखाली गेला, तो चिखलाचा वाळका खड्डा बघून परत आला. वस्तीच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबवून त्यानं हाक मारली. "पद्माबाई! ह्येच का तुझं कधी न आटणारं पाणी? ह्याच्यात तर माझी म्हैस पण बसायची न्हाई."

"आमच्यापुरतं व्हतं दादा. आता त्येबी गेलं," ती खाली मान घालून म्हणाली. तो तिच्या लेकाच्या वयाचा. तो अगं-तुगं करायचा आणि ही दादा म्हणायची. पण त्या दिवशी तिला त्याचं काही वाटलं नाही. जाईना का शिव्या देत, झिरा राहिला. घरात जाऊन ती ज्योतीकडं बघून हसली. दोघी पोट धरून हसल्या.

हसू महिनाभरही पुरलं नाही. एरवी सरकारी काम म्हणजे सहा महिने थांब. पण त्या उन्हाळ्यात टंचाईचा निधी आला आणि अपर्णा नकाशा घेऊन तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसली. वस्तीला विहीर नाही, वस्तीजवळ पाणी आहे, हे बघा नोंदलेलं. साहेबांना आयती खूण मिळाली. विहीर मंजूर झाली. पळसाजवळच्या निळ्या ठिपक्यावर.

अपर्णा पेढे घेऊन आली. वस्तीत हलगी वाजली. जळबानं पद्माबाईच्या हातावर पेढा ठेवला. "वयनी, तुमचं नाव निघंल. आमच्या बापाला झालं न्हाई ते तुमी केलं."

"आवं जळबा भाऊ, तिथं पाणी कुठंय? तुमाला ठावं न्हाई का, झिरा घळीत हाय," ती कशीबशी म्हणाली.

"घळीतला आपला जुना. ह्यो ताईच्या यंत्रानं धरलेला. यंत्राला आभाळातून दिसतंय, वयनी. जमिनीच्या पोटातलं दिसत आसंल." म्हाताऱ्याचा विश्वास बघून तिला बोलवेना. अपर्णाचा विश्वास पद्माबाईवर, वस्तीचा विश्वास अपर्णाच्या यंत्रावर, आणि मधे पळसाखाली लिंपलेला कोरडा खड्डा. पेढा तिनं पदरात बांधला. तो तसाच विरघळून गेला.

काम वस्तीनंच करायचं होतं, रोजगार हमीवर. पद्माबाईही घमेलं घेऊन गेली. न जाऊन सांगणार काय? मुरूम संपला आणि काळा खडक लागला. घणाचा घाव बसला की पहार हातात झिणझिणायची. पुरुषांचे तळहात फुटले, बायांच्या डोक्यावरचे केस चुंबळीखाली गेले. ऊन असं की दगड उचलताना बोटं मागं यायची. विश्वजीतचा ट्रॅक्टर खोदून निघालेलं दगडांचं डबर वाहायला लागला होता. तो सावलीत बसून पान खायचा. मधल्या सुट्टीत ज्योती भाकरी घेऊन आली, की पद्माबाईकडं बघायची आणि मान फिरवून घ्यायची.

अमृतरावला तिनं घरी सांगितलं. त्यानं काठीनं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "आता बोलू नगंस. बोललीस तर ती ताई मरंल. तिनं सायबापुढं जबान दिलीय. आन् उद्या सायेब म्हणंल, ह्या वस्तीची माणसंच खोटी. पुन्यांदा आपल्याला काई मंजूर व्हायचं न्हाई."

"आन् न्हाई बोलले तर?"

"तर खड्डा ऱ्हाईल. लई खड्डे बघितले आपण."

तिला ते पटलं नाही, आणि दुसरंही काही सुचलं नाही. ती रोज जात राहिली. खडकातून ओल यायचं नावच नाही. जळबा दर सकाळी खाली उतरून भिंतीला तळहात लावायचा आणि वर येऊन सांगायचा, "थंड लागून राहिलं. आलं बगा आता." एकदा उतरताना त्याचा पाय घसरला आणि पाठीवर पडला. चौघांनी दोरानं वर काढला. कमरेतून वाकता येईना, तरी त्यानं तेच विचारलं, "ओल दिसली का रे?"

पद्माबाईनं डोक्यावरचं घमेलं खाली टाकलं.

"न्हाई दिसायची!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की पहारी थांबल्या. "हितं पाणी न्हाई. कवाच नव्हतं. म्या खड्डा लिंपला, म्या पाणी ओतलं. ताईला फसवलं. तुमाला बी. थांबवा आता, म्हातारं मरंल!"

त्या दिवशी काम बघायला साहेब आलेला, अपर्णाही बरोबर. साहेबानं चष्मा काढला. "बाई, आता सांगता? मंजुरी या खुणेवर आहे. खूण तुमची, खाली नाव तुमचं. आता मला दुसरीकडं हलवता येत नाही. हे काम इथंच बंद."

अपर्णाचा चेहरा उतरला होता. तिचा हात नकळत ओठांकडं गेला, तेवढंच पद्माबाईनं पाहिलं. त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

सावलीतून विश्वजीत उठला. पान थुंकला आणि अगदी सावकाश, गोड आवाजात म्हणाला, "मंग पद्माबाई, खरा झिरा कुठं हाय?"

वस्तीतलं एकही माणूस बोललं नाही. पण भेदरलेल्या माणसाचं तोंड मिटतं, मान मिटत नाही. जळबाची वळली, शेजारच्या शालूबाईची वळली, भाकरी घेऊन आलेल्या ज्योतीची वळली. एकेक करून सगळ्यांच्या माना घळीकडं वळल्या. विश्वजीतनं त्या माना बघितल्या आणि ट्रॅक्टर चालू केला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना घळीत इंजनाचा आवाज होता. बाया धावत गेल्या. सपाट दगड बाजूला लोटलेला, झिऱ्यात जाड पाइप. शालूबाई पाइपावर आडवी झाली. विश्वजीतच्या गड्यानं तिला दंडाला धरून बाजूला बसवलं, मारलं नाही. विश्वजीतनं नकाशाचा कागद उघडून दाखवला. "गायरान हाय. गायरान पंचायतीचं. पंचायत काकाची. आन् पाणी तुमीच गावाला सांगितलंय, खाली नाव हाय." टाकी भरली, गेली, पुन्हा आली. इंजन चिखल ओढून घरघरायला लागलं तेव्हाच तो पाइप गुंडाळून गेला. आज्याच्या हातचा खड्डा उघडा पडला होता, त्यात टायरांचा आणि तेलाचा वास.

त्यानंतर वस्तीत पद्माबाईशी कुणी बोलेना. शिवी दिली नाही, की भांडण काढलं नाही. नुसतं ती पाळीला आली की बाकीच्या बाया गप्प व्हायच्या. झिऱ्यात आता घागर भरायची बात नव्हती. चिखलावर निवळलेलं पाणी वाटीनं उचलायचं, फडक्यातून गाळायचं. ज्योतीला ओकारी व्हायची, त्या पाण्यानं की उन्हानं कळत नव्हतं. एकदा तीच म्हणाली, "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार? बसा आता नाव वाचत." म्हणाली आणि स्वतःच रडली. पद्माबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचं काही चुकलं नव्हतं.

अपर्णा पुन्हा आली तेव्हा पद्माबाई उंबऱ्यावरून उठली नाही. कुठल्या तोंडानं उठावं? अपर्णा तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"नवीन नकाशातून तो ठिपका काढलाय मी," ती म्हणाली.

"आन् जुने?"

"जुने ज्यांनी नेले त्यांचे झाले. परत मागता येत नाहीत. परवानगी एकदा दिली की दिली. तांड्याच्या शाळेत आहे, थांब्यावर आहे. कुणी कुठं नेलाय, मला तरी काय माहीत."

"म्हंजी लोक येत्याल तिथं? पाणी हाय म्हणून?"

अपर्णानं मानेनंच हो म्हटलं. मग हळूच म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी खूण केलीच नसती, पद्माबाई. तेवढं माझ्या हातात होतं."

पद्माबाई हमसून रडली. एवढी सोपी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. वस्तीतल्या बाईनं सांगावं, देवळातल्या घरच्या पोरीनं ऐकावं आणि दोघींनी मिळून गप्प बसावं, असं कधी कुणी केलेलं तिनं पाहिलं नव्हतं, मग सुचणार कसं?

त्यानंतर दोन दिवसांनी अमृतरावला घरातला जुना रांजण दिसेना. पद्माबाईनं तो चुंबळीवर घेऊन पळसाखाली नेला होता. कोरड्या विहिरीच्या डबराजवळ, पायवाटेच्या बाजूनं, तिनं तो अर्धा जमिनीत पुरला. झिऱ्यावरच्या तिच्या पाळीत जे निवळ मिळायचं, त्यातलं ज्योतीपुरतं घरात ठेवून उरलेलं ती गाळून तिथं नेऊन ओतायला लागली. स्वतः आंघोळ सोडली, दोनदाचा चहा सोडला. ओठ फुटले.

"येड लागलं का तुमाला?" ज्योती ओरडली. "घरात पाणी न्हाई आन् रस्त्याला पाजून राहिले!"

"थांब्याच्या भितीवर माजं नाव हाय, लेकरा. पाणी हाय म्हणून लिवलंय."

"मंग खोडून टाका भितीवरचं!"

"गेले व्हते. खरवडून बगितलं. ऑइलपेंट हाय." ती म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली.

ज्येष्ठ लागला तरी आभाळात ढग नव्हता. एका दुपारी ती रांजणाशी पोचली तेव्हा पलीकडच्या तांड्याची पेमा नावाची एक बाई डबरावर बसली होती. पायांत धुळीचे मोजे, ओठांना पांढरी कड. लेकीच्या गावाला पायी निघालेली म्हातारी. समोरच्या त्या भल्यामोठ्या कोरड्या खड्ड्याकडं ती नुसती बघत होती.

"बाई, साळंत नकाशावर बगितलं हितं पाणी हाय म्हणून," ती म्हणाली. "त्येच्या भरवशावर इकडून आले. कोण पद्माबाई हाय, तिनं सांगितलंय म्हणं. हीच का तिची हीर?"

पद्माबाईनं डोक्यावरून घागर उतरवली. तळाशी दोन तांबे पाणी होतं. रांजणात ओतलं नाही. तांब्या भरून तिच्यापुढं धरला.

"आधी पी," ती म्हणाली.

पेमानं हात पुढं केला नाही. सवयीनं तिनं ओंजळ केली, कोपर टेकवून, मान खाली घालून, वरून ओतायची वाट बघत. पद्माबाई ती ओंजळ बघत राहिली. मग खाली बसली, पेमाची ओंजळ दोन्ही हातांनी सोडवली आणि तांब्या तिच्या हातात दिला.